मायना आणि मजकूर : मावळच्या लेखांतील बोलता आवाज

पत्राचे दोन भाग असतात, मायना आणि मजकूर. मजकुरांत काय सांगावयाचें तें असतें. मायन्यांत कोण कोणास सांगत आहे हें असतें. एके काळीं आमच्या घराघरांतून मुलाला अक्षरओळख झाली कीं त्याचा पुढचा धडा मायन्याचा असे. वडिलांस 'तीर्थरूप', धाकट्यास 'चिरंजीव', परक्या सन्मान्य गृहस्थास 'राजमान्य राजश्री' असें लिहावयाचें, हें त्यास पाढ्यांबरोबरच शिकविलें जाई. पुढें हा सारा निव्वळ शिष्टाचाराचा पसारा आहे असें ठरून तो मागें पडला. पसारा गेला याचें फारसें दुःख नाहीं. परंतु त्यामागचा प्रश्न मात्र गेलेला नाहीं. लिहिणारा कोण, वाचणारा कोण, आणि दोघांमधलें नातें कोणतें, हें ठरल्याशिवाय एकही ओळ धड लिहितां येत नाहीं.

हल्लीं हा प्रश्न अगदीं नव्या वेषांत पुढें आला आहे. संगणकासाठीं व मोबाइलसाठीं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांत असा विचार रूढ झाला आहे कीं, पडद्यावर दिसणारे सर्व शब्द, मग ते बटणावरचे असोत, सूचनेंतील असोत कीं चूक झाल्यावर येणाऱ्या निरोपांतील असोत, एकाच व्यक्तीच्या तोंडून आल्यासारखे वाटले पाहिजेत. आणि ती व्यक्ति वाचणाऱ्याशीं सरळ बोलत आहे असें वाटलें पाहिजे. यास ते त्या मालाचा 'आवाज' म्हणतात. हा विचार परदेशांतून आला असें सर्वसाधारणपणें समजलें जातें, आणि त्या विशिष्ट रूपांत तो तसा आलाही असेल. पण एकाच पेढीनें, एकाच राज्यानें, असंख्य अनोळखी माणसांशीं एका आवाजांत कसें बोलावें हा प्रश्न आमच्याकडे दोन हजार वर्षांचा जुना आहे. त्याचे पुरावे पाहावयास फार दूर जावयाचें कारण नाहीं. लोणावळ्याच्या आसपासचा मावळ प्रांत त्यासाठीं पुरेसा आहे.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या डोंगरांतील चैत्यगृह पाहावयास जाणारे लोक त्याची भव्य कमान व लांकडी फासळ्यांचें छत पाहून परततात. खांबांवर व भिंतींवर कोरलेल्या ओळींकडे फारच थोड्यांची दृष्टि जाते. या ओळी ब्राह्मी लिपींत आहेत आणि भाषा प्राकृत आहे. त्यांतील बहुतेक दानलेख आहेत, आणि ते सर्व जणूं एकाच साच्यांतून काढलेले आहेत. आधीं दात्याचें गांव, मग त्याचें नांव, जरूर तर धंदा अगर वडिलांचें नांव, आणि शेवटीं 'थभो दानं', म्हणजे हा खांब दान दिला, एवढेच दोन शब्द. धेनुकाकट येथील कित्येक यवनांनीं खांब दिले, त्यांचे लेख असेच आहेत. त्याच गांवच्या सिंहदत्त नांवाच्या गांधिकानें, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यानें, दाराचें दान दिलें. वेणुवासाचा पुत्र सामि नांवाच्या सुतारानें दाराचें काम केलें. त्यांचेही लेख याच घडणीचे आहेत. बाहेरच्या सिंहस्तंभावर महारठी अग्निमित्रणक याचें नांव आहे. हा मोठा सरदार. तरी त्याच्या लेखाची मांडणी सुताराच्या लेखाहून फारशी निराळी नाहीं.

कोणी एकानें बसून हे लेख लिहिले असतील असें नाहीं. दाते निरनिराळे, वेळ निराळी, कोरणारे हातही निराळे. तरी आवाज एक आहे, कारण साचा एक ठरलेला आहे. साचा ठरलेला असल्यामुळें यवनास आपलें परकेपण लपवावें लागलें नाहीं, आणि सुतारास आपल्या धंद्याचा संकोच वाटला नाहीं. एकसारख्या शब्दयोजनेचा हा पहिला लाभ : ती लहानमोठ्यांस एका ओळींत उभें करते. या समुदायांत एकच मनुष्य जरा मोठ्यानें बोलतो. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल व्हरांड्याच्या भिंतीवर सांगतो कीं, आपण पुरें केलेलें हें शैलगृह साऱ्या जंबुद्वीपांत उत्तम आहे. मावळांतील ही बहुधा पहिली जाहिरात म्हणावयास हरकत नाहीं. आणि चैत्यगृह पाहिल्यावर तींत अतिशयोक्ति फारशी आहे असेंही म्हणवत नाहीं.

याच लेण्यांत दोन राजकीय लेख आहेत, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें ते अधिक महत्त्वाचे आहेत. पहिला क्षहरात राजा नहपान याचा जांवई उषवदात याचा. त्यांत आधीं त्याच्या पुण्यकर्मांची मोठी यादी येते : तीन लक्ष गाई दिल्या, बार्णासा नदीवर सुवर्णदान केलें व घाट बांधला, देव व ब्राह्मण यांस सोळा गांवें दिलीं, इत्यादि. इतकें झाल्यावर मग वलूरकाच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठीं करजिक गांव दिल्याची गोष्ट येते. दुसरा लेख सातवाहन राजाचा. तो झिजला आहे, पण गौतमीपुत्र सातकर्णि याचा असावा असें अभ्यासक मानतात. त्यांत उषवदातानें दिलेलें तेंच गांव पुन्हा भिक्षूंस दिलें आहे. ही आज्ञा 'मामाल' येथील अमात्यास उद्देशून आहे. हा मामाल म्हणजेच आपला मावळ, असें पंडितांचें मत आहे. या प्रांताचें नांव प्रथम भेटतें तें अशा रीतीनें एका सरकारी हुकुमाच्या मायन्यांतच भेटतें.

सातवाहनांच्या आज्ञेचा आवाज निराळा आहे. पुण्यकर्मांची यादी नाहीं. अमक्या ठिकाणच्या अमात्यास आज्ञा; अमकें गांव आम्ही दिलें; आतां त्याची माफी अशी : राजपुरुषांनीं तेथें शिरूं नये, त्यास हात लावूं नये, मिठासाठीं जमीन खणूं नये, प्रांताच्या अंमलदारांनीं ढवळाढवळ करूं नये. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या ज्या आज्ञा कोरलेल्या आहेत, त्यांतही माफीचीं हींच कलमें याच क्रमानें व जवळजवळ याच शब्दांत येतात. नाशिकचा अमात्य निराळा, मामालचा निराळा. परंतु राजाच्या दफ्तराचा आवाज दोन्हीकडे एक. ज्या भिक्षूस आपला हक्क दाखवावयाचा होता, त्यास या एकसारखेपणाचा आधार होता. ठरलेलें वाक्य एकाएकी बदललें असतें तर अंमलदारास पळवाट सांपडली असती. एकवाक्यतेचा हा दुसरा लाभ, आणि तो भाषेच्या सौंदर्याचा नसून प्रजेच्या संरक्षणाचा आहे.

परंतु साच्यांतून काढलेलें वाक्य रुक्ष असलेंच पाहिजे असें मात्र नाहीं. नाशिकच्या चोविसाव्या राज्यवर्षांतील लेख या बाबतींत फार मनोरंजक आहे. राजा व राजमाता यांच्या वतीनें गोवर्धनच्या श्यामक अमात्यास प्रथम आरोग्य विचारावें आणि मग पुढील गोष्ट सांगावी, असा त्याचा प्रारंभ आहे. पुढील गोष्ट कोणती? तर आम्हीं पूर्वीं भिक्षूंस कखडी गांवांतील शेत दिलें होतें. पण तें शेत कसलें जात नाहीं आणि तें गांवही वसलेलें नाहीं. तेव्हां नगराच्या सीमेवरील आमच्या मालकीच्या जमिनीपैकीं शंभर निवर्तनें आतां त्यांस देत आहों. ज्या राजानें शक-यवनांचा पराभव केल्याचें त्याची माताच नाशिकच्या दुसऱ्या लेखांत अभिमानानें सांगते, तो राजा आपलें आधींचें दान निरुपयोगी ठरलें हें दगडावर कोरून ठेवतो. प्रथम कुशल, मग अडचण स्पष्ट शब्दांत, मग उपाय. आणि हें सर्व 'आम्ही' या कर्त्यासह. अडचणीची बातमी कशी सांगावी याचा याहून चांगला नमुना मिळणें कठीण. उलट उषवदाताचा नाशिकचा एक मोठा लेख पाहा : तो संस्कृतप्रचुर भाषेंत तृतीयपुरुषीं सुरू होतो आणि मध्येंच प्राकृतांत 'मी' म्हणून बोलूं लागतो. इतिहासकारास त्याचा उपयोग झाला, पण वाचणाऱ्यास आपल्याशीं कोण बोलत आहे याचा घोटाळा होतो.

शतकें लोटलीं, भाषा व लिपि बदलली. मायन्याचा विचार मात्र अधिक बारकाईनें होऊं लागला. यादवांचा करणाधिप हेमाद्रि, म्हणजे लोकांच्या तोंडचा हेमाडपंत, याच्या नांवावर 'मेस्तक' म्हणून एक प्रकरण परंपरेनें चालत आलें आहे. कोणास कोणता मायना लिहावा, हिशेब व कागद कसे ठेवावे, याचे त्यांत नियम आहेत. आजच्या कंपन्या ज्यास शैलीपुस्तक म्हणतात, तें आमच्याकडे मेस्तक या नांवानें कारकुनाच्या पेटींत असे. पेशवाईचीं पत्रें उलगडून पाहिलीं तर या शिक्षणाचा परिणाम दिसतो. आरंभीं पदवीप्रमाणें मायना, मग 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावें' अशा अर्थाचें वाक्य, मग 'विशेष' म्हणून मुख्य गोष्ट, शेवटीं 'जाणिजे' अगर 'बहुत काय लिहिणें', आणि 'लेखनसीमा' हा शिक्का. सातवाहनांच्या आरोग्यप्रश्नाशीं याचा थेट वारसा जोडण्याचें कारण नाहीं. परंतु कामाच्या आधीं माणसाची विचारपूस करावी ही समजूत दोन्हीकडे एक आहे, हें नाकारतां येत नाहीं.

या चौकटीच्या आंत जिवंत बोली कशी खेळूं शकते, याचें सर्वांत तेजस्वी उदाहरण शिवछत्रपतींच्या पत्रांत मिळतें. राज्याभिषेकाच्या थोडें आधीं चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्करास त्यांनीं एक पत्र लिहिलें. सैन्य बहुतांशीं मावळ्यांचें व देशावरील घोडेस्वारांचें. वाचणारे जुमलेदार, हवालदार, कारकून. पत्राचा आशय असा : पावसाळ्यासाठीं सांठवलेला दाणा व वैरण आतांच उधळून टाकाल, तर पुढें कांहीं मिळणार नाहीं. मग तुम्ही कुणब्याच्या घरीं जाल. कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी भाजीपाला उचलूं लागेल. आणि कुणबी म्हणेल कीं यापेक्षां मोंगल बरे. आगीविषयींही असेंच. कोणी चिलीम ओढील, कोणी रात्रीं दिवा तसाच जळत ठेवील, उंदीर तेलाची वात ओढून नेईल, आणि एका ठिणगीनें गवत, मग लष्करच जळून जाईल. यांत आज्ञा आहे, धाक आहे, पण तो धाक नुसत्या 'सक्त ताकीद' या शब्दांनीं घातलेला नाहीं. काय केल्यानें काय होईल हें चित्रासारखें समोर उभें करून ऐकणाऱ्याच्या बुद्धीस साक्षीला बोलावलें आहे. उंदीर आणि वात हे शब्द ज्या राजाच्या हुकुमांत येऊं शकतात, त्याचा हुकूम शिपायास समजावून सांगण्यास दुभाष्याची गरज पडत नाहीं.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. याच काळांत रघुनाथपंडितांच्या नांवें प्रसिद्ध असलेला 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यांत दरबारी फार्सी शब्दांस सुमारें १४०० संस्कृत पर्याय दिले आहेत. राजवाड्यांनीं तीन काळांतील तीन पत्रांचे शब्द मोजून दाखविलें आहे कीं, १६२८ मधील पत्रांत मराठी शब्द शेकडा १४ च्या आसपास, १६७७ मधील पत्रांत ६२ च्या वर, आणि १७२८ मधील पत्रांत ९३ च्या वर आहेत. तीन पत्रांवरून साऱ्या भाषेचा निवाडा करतां येत नाहीं, पण ओघ कोणत्या दिशेस होता हें स्पष्ट दिसतें. तरी कोशांतील किती तरी संस्कृत शब्द कोशांतच राहिले. आणि जमीन, वसूल, फडणीस, चिटणीस, हुकूम हे शब्द मराठींत घरच्यासारखे नांदले. लोकांनीं जे आपलेसे केले ते टिकले. मावळी जिभेची ही शक्ति मोठी आहे. १७७९ च्या जानेवारींत मुंबईहून बोरघाट चढून आलेली इंग्रज फौज वडगांव येथें नमली, त्यापूर्वीं कार्ल्यास कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट पडला. या शत्रूचें नांव लोकांनीं 'इष्टूर फाकडा' असें करून ठेवलें. नांव परकें, पण त्यास जोडलेला 'फाकडा' अस्सल मराठी. आणि त्यांत शत्रूच्या शौर्याचें कौतुकही आलें. परका शब्द घ्यावा कीं घेऊं नये या वादापेक्षां, तो आपल्या तोंडांत बसला कीं नाहीं ही कसोटी अधिक खरी, हें यावरून समजावें.

इंग्रजी अमलांत या आवाजांत मोठा पालट झाला. आगगाडी १८५८ मध्यें पुण्याहून खंडाळ्यास आली आणि १८६३ मध्यें बोरघाटाची चढण पुरी झाली. त्या रुळांबरोबर नियम, नोटिसा, अर्ज, पावत्या यांचें एक नवें मराठी मावळच्या खेड्यांत शिरलें. हें मराठी बहुधा आधीं इंग्रजींत विचारलेलें व मग उतरविलेलें असे. त्याची खूण शब्दांत नसून क्रियापदांत आहे. 'कळविण्यांत येतें कीं', 'कारवाई करण्यांत येईल', 'अर्ज नामंजूर करण्यांत आला आहे', या वाक्यांत करणारा कोणीच नाहीं. सातवाहन राजा 'आम्हीं दिलें' म्हणत होता. कचेरी 'देण्यांत आलें' म्हणूं लागली. १८७४ मध्यें निबंधमालेच्या आरंभींच विष्णुशास्त्र्यांनीं मराठीच्या तत्कालीन स्थितीची चर्चा केली ती उगाच नव्हे. राज्य परक्यांचें होतें तोंवर कर्ता लपविण्याचें कारण समजण्यासारखें होतें. आश्चर्य हें कीं, राज्य आपलें झाल्यावरही कर्ता परत आला नाहीं.

१९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय स्थापन झालें, १९६२ मध्यें 'पदनाम कोश' निघाला, आणि १९६४ मध्यें राजभाषेचा कायदा झाला. आचार्य अत्र्यांनीं त्या कोशास 'बदनाम कोश' म्हटलें ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ती थट्टा सर्वस्वी न्याय्य नव्हती. त्यांतील 'संचालक', 'आयुक्त' यांसारखे शब्द आज खेड्यांतही चालतात. परंतु या सर्व खटपटींत लक्ष राहिलें तें नामांवर. कोणत्या इंग्रजी नामास कोणतें मराठी नाम, एवढाच वाद झाला. वाक्य कोण बोलतो, हा प्रश्न कोणीं फारसा विचारलाच नाहीं.

आतां शेवटच्या मुक्कामास येऊं. संगणकावर मराठी उमटविण्याचें मोठें कार्य पुण्यांतच झालें. १९८८ मध्यें पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि तिनें भारतीय लिप्यांसाठीं तंत्र सिद्ध करण्यांत पुढाकार घेतला. १९९१ मध्यें भारतीय लिप्यांच्या संकेतांचें भारतीय मानक ठरलें, आणि त्याच वर्षीं जगातील सर्व लिप्यांस एका कोष्टकांत बसविणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. लिपीचा प्रश्न सुटत गेला. जुन्या मुळशी मावळाच्या कडेवर, हिंजवडीस, सॉफ्टवेअरचें मोठें नगर वसलें. पवन मावळांतील शेतकरी आपला सातबारा पडद्यावर पाहूं लागला, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानंतर दाखल्यांचे अर्जही पडद्यावरूनच जाऊं लागले. म्हणजे एके काळीं जो हुकूम अमात्य, पाटील, कुळकर्णी अगर तलाठी यांच्या तोंडून कळे, तो आतां थेट पडद्यावरून कळतो. मधला बोलणारा मनुष्य गेला. त्याच्या जागीं पडद्यावरचीं चार वाक्यें आलीं. त्यामुळें त्या चार वाक्यांवरील जबाबदारी पूर्वींपेक्षां कितीतरी वाढली आहे.

आणि त्या वाक्यांची स्थिति काय आहे? एका पडद्यावर 'संकेतशब्द', दुसऱ्यावर 'पासवर्ड', तिसऱ्यावर 'परवलीचा शब्द'. कोठें 'सादर करा', कोठें 'जमा करा', कोठें 'सबमिट करा'. वाचणारा नवशिका असेल तर या तीन निरनिराळ्या वस्तु आहेत असें त्यास वाटतें. इंग्रजींत 'यू' या एका शब्दानें सर्वांस संबोधितां येतें. मराठींत मात्र 'तूं', 'तुम्ही' कीं 'आपण' हें ठरवावेंच लागतें, आणि एका पडद्यावर 'आपण' व दुसऱ्यावर 'तुम्ही' आलें कीं बोलणारा बदलल्याचा भास होतो. याहून कठीण प्रसंग यंत्र स्वतःविषयीं बोलूं लागलें कीं येतो. 'मी शोधतो' कीं 'मी शोधते'? मराठी क्रियापद लिंग विचारल्याशिवाय राहत नाहीं. दुसऱ्या कोणाविषयीं बातमी द्यावयाची तरी तेंच : अमुक सामील 'झाला', 'झाली' कीं 'झाले'? ज्यानें इंग्रजी वाक्य समोर ठेवून शब्दास शब्द बसविला, त्याचा येथें घोटाळा होणारच. ज्यानें मराठींत विचार केला, तो 'अमुक यांनीं निरोप पाठविला' अशी कर्मणि रचना करून सहज पार पडतो. कारण तेथें क्रियापद निरोपाच्या मागें जातें, माणसाच्या नव्हे. कर्मणि प्रयोग मुळांत दोषी नाहीं. कर्ता गाळणारा प्रयोग दोषी आहे.

तेव्हां उपाय नवा शोधावयाचा नाहीं. प्रत्येक कचेरीनें व प्रत्येक कंपनीनें आपलें मेस्तक लिहावें. त्यांत संबोधन एकदां ठरवावें. अनोळखी प्रौढ माणसास 'तुम्ही' हें आदराचेंही आहे व जवळिकीचेंही. एका वस्तूस एकच नांव ठेवावें, आणि तें लोकांच्या तोंडीं बसलेलें असावें, मग तें संस्कृतांतून आलेलें असो, फार्सींतून असो कीं इंग्रजींतून. बोलणाऱ्यानें आपण कोण हें सांगावें. अडचणीच्या वेळीं काय झालें, कां झालें आणि आतां काय करावें, हें याच क्रमानें सांगावें. आनंदाच्या व अडचणीच्या बातमींत सूर बदलेल, बदललाच पाहिजे. बाप लग्नाचें आमंत्रण व आजाराचें वर्तमान एकाच सुरांत लिहीत नाहीं, तरी दोन्ही पत्रें बापाचींच आहेत हें मुलास ओळखूं येतें. आवाजाची एकता म्हणतात ती हीच. संवादी भाषा म्हणजे थट्टा-मस्करी अगर फाजील सलगी असा जो समज कांहीं ठिकाणीं दिसतो, तो मात्र टाकून द्यावा. ज्याचा अर्ज अडला आहे त्यास यंत्राचे विनोद नको असतात.

कार्ल्याच्या भिंतीवरील आज्ञा दोन हजार वर्षांच्या पावसानें झिजली, राजाचें नांवही पुसलें गेलें. तरी कोणत्या प्रांताच्या अंमलदारास सांगितलें, कोणतें गांव दिलें, आणि कोणीं तेथें शिरूं नये, हें अजूनही वाचतां येतें. आज पडद्यावर उमटणारें वाक्य क्षणभरच टिकतें. परंतु तें वाचणारा मनुष्य त्याच मावळांतला आहे, आणि आपल्याशीं कोण बोलत आहे व काय बोलत आहे हें समजण्याचा त्याचा हक्क तेवढाच जुना आहे.